आमसुलातला लाल आणि पिवळा

कोकमाची सुकी साल घ्यावी आणि तिचे दोन वाटे करावेत. एक वाटा पाण्यात भिजवावा. दुसरा हेक्झेनमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या कुळातल्या, झटकन उडून जाणाऱ्या द्रवात. पाणी बघता बघता लालभडक होतं. त्याचं कोकणात कुणाला नवल नाही, तिथल्या स्वयंपाकघरात ते रोजच होतं. हेक्झेन मात्र त्या लाल रंगाला हातही लावत नाही. ते हळूहळू पिवळं होत जातं.

तीच साल, तेच झाड, पण बाहेर येतात ती दोन वेगळ्या घराण्यांतली संयुगं. पाण्यात उतरतो तो अँथोसायनिन कुळातला रंग. हेक्झेनमध्ये उतरतो तो गार्सिनॉल. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत दोघांच्याही नावापुढे ‘अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेलं सापडतं. सरबताच्या बाटलीवरही हा शब्द हल्ली ठळक छापलेला असतो. त्या बाटलीत यांपैकी कोण आहे, किती आहे आणि महिनाभर दुकानाच्या उन्हातल्या फळीवर राहिल्यावर त्यातलं काय उरलं आहे, हे मात्र तो शब्द सांगत नाही. ते शोधायचं काम पन्नास-साठ वर्षं म्हैसूर, पुणे, मुंबई, बंगळूर आणि जपानमधल्या प्रयोगशाळांनी केलं आहे. बाटलीवरच्या शब्दापेक्षा त्या कामाची हकिगत कितीतरी रंजक आहे.

झाड तसं सगळ्यांच्या ओळखीचं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, पुढे उत्तर कन्नड आणि उडुपी या पट्ट्यात ते परसात, बांधावर, ओढ्याच्या कडेला आपसूक उभं असतं. सदाहरित, गर्द, शेंडा निमुळता होत गेलेला. उन्हाळ्यात त्याला लिंबाएवढी फळं धरतात, पिकली की ती जांभळट लाल होतात. ओल्या फळाला रातांबा म्हणतात, सुकवलेली साल म्हणजे आमसूल, आणि गोव्यात सोलां. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. यातला गार्सिनिया हा शब्द लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आला. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याशी त्या नावाचा संबंध नाही, जरी तसं वाटणं साहजिक असलं तरी. पण ओर्तालाही हे फळ ठाऊक होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात ‘ब्रिंडाव’ या आंबट फळाचा उल्लेख येतो. कोकमाला भिरंड म्हणणाऱ्या माणसाला ते कोणतं फळ हे वेगळं सांगायला नको.

आयुर्वेदात हेच झाड वृक्षाम्ल म्हणून ओळखलं जातं. चरकसंहितेत हृद्य द्रव्यांचा जो दहांचा गण आहे त्यात आंबा, डाळिंब, बोर, महाळुंग यांच्या पंगतीला वृक्षाम्लही बसलेलं आहे. पण कोकमाची औषध म्हणून ख्याती ग्रंथांपेक्षा घरातच जास्त. अंगावर पित्त उठलं, गांध्या आल्या की आमसूल भिजत घालून ते पाणी अंगाला चोळायचं. जेवण जड झालं की सोलकढी. उन्हातून आलेल्या माणसाला सरबत. टाचेला भेगा पडल्या की बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल किंवा भिरंडेल, गरम करून लावायचं. यातलं काय खरं, काय समजुतीचं, हे तपासायचं तर आधी आत काय आहे ते कळायला हवं.

गंमत अशी की ‘आत काय आहे’ हे बाहेर काढायचं काम कोकणातल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. रसायनशास्त्रज्ञ ज्याला निष्कर्षण म्हणतो तेच मे महिन्यात अंगणात चाललेलं असतं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात टाकायच्या. गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या साली पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं पुटावर पुट देत गेलं की काळपट, मऊ, चिवट आमसूल तयार होतं. पाणी उन्हाने उडतं, रसातलं आम्ल आणि रंग सालीत मुरत जातात. एकाग्रता वाढवण्याची ही पद्धत कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल.

आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमरसाची, रीत वेगळी. तिथे मीठच सालीतला रस ओढून काढतं आणि टिकवतंही. अमृत कोकमात, म्हणजे सरबताच्या पाकात, हे काम साखर करते: साली आणि साखरेचे थर बरणीत लावायचे, आठवडाभर उन्हात ठेवायचे, अधूनमधून हलवायचं. सालीला अग्नी लागत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण कोकमाचा लाल रंग उष्णतेला फार नाजूक. आधी सालींचा काढा उकळून त्यात मागून साखर घालणारे कारखानदार वेळ वाचवतात, पण त्या बदल्यात रंग गमावतात. मग तो भरून काढण्यासाठी बाहेरचा रंग घालण्याचा मोह होतो. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचायची सवय असेल तर हे कळतं.

आता प्रयोगशाळेकडे वळू. म्हैसूरला चेलुवांबा राजवाड्याच्या इमारतीत १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. कोकमाच्या रसायनशास्त्राचा पहिला मोठा अध्याय तिथे लिहिला गेला, आणि तो रंगाचा नव्हता, आंबटपणाचा होता. केरळात माशांच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात ती कोकमाचीच बहीण, गार्सिनिया कॅम्बोजिया. तिच्या सालीतलं आम्ल म्हणजे टार्टारिक किंवा सायट्रिक असणार असं तोवर धरून चालत. चिंच आणि लिंबू हीच आंबटपणाची मापं होती, तेव्हा तसं वाटण्यात चूक काहीच नव्हती. १९६५ मध्ये वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी दाखवलं की हे आम्ल वेगळंच आहे: हायड्रॉक्सिसायट्रिक. सायट्रिक आम्लाच्या सांगाड्यावर एक हायड्रॉक्सिल जास्त, एवढाच फरक. हेच आम्ल कोकमातही मुख्य आहे. २००२ मध्ये याच संस्थेतल्या जयप्रकाश आणि सकारिया यांनी द्रव क्रोमॅटोग्राफीने ते मोजलं, तेव्हा कोकमाच्या पानांत ४.१ ते ४.६ टक्के आणि सालीत १०.३ ते १२.७ टक्के आढळलं. सालीचा दहावा हिस्सा एकाच आम्लाचा! आमसूल जिभेवर ठेवल्यावर डोळे का मिटतात ते या आकड्यावरून समजावं.

या आम्लाने पुढे अमेरिकेत बराच उच्छाद मांडला. त्याची गोष्ट नंतर.

पिवळ्याचा शोध लागला तो १९८० च्या सुमाराला, आणि तो एकाच वेळी दोन ठिकाणी लागला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव, जी. वेंकटस्वामी आणि ए. डी. पेंडसे यांनी कुडमपुळीच्या झाडातून दोन संयुगं वेगळी केली आणि त्यांची नावं ठेवली कॅम्बोजिनॉल आणि कॅम्बोजिन. हा निबंध १९८० मध्ये ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, म्हैसूरच्या एन. कृष्णमूर्ती, वाय. एस. लुईस आणि बी. रवींद्रनाथ यांनी कोकमातल्या गार्सिनॉल आणि आयसोगार्सिनॉल यांच्या रचना मांडल्या, आणि निबंधाच्या मथळ्यातच कॅम्बोजिनॉललाही ओढलं. पुण्याचं कॅम्बोजिनॉल आणि म्हैसूरचं गार्सिनॉल हा एकच पदार्थ. आज बहुतेक ठिकाणी गार्सिनॉल हेच नाव चालतं. पुणेकरांना याचं वाईट वाटलं असेल तर ते स्वाभाविक आहे.

गार्सिनॉल सालीतून काढणं फार अवघड नाही. सुक्या सालीची भरड करायची आणि ती सॉक्सलेट नावाच्या काचेच्या यंत्रात भरायची. हे यंत्र फ्रांझ फॉन सॉक्सलेटने १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवलं; त्याचं आजचं आयुष्य मात्र वनस्पतींवर चाललेलं आहे. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब भरडीवर पडते, नळी भरली की सगळं आपोआप खाली उतरतं आणि पुन्हा फेरा सुरू होतो. तासन् तास तोच द्रावक नव्याने सालीतून जात राहतो. शेवटी द्रावक कमी दाबाखाली उडवून लावला की तळाला पिवळसर, चिकट अर्क उरतो. तो योग्य द्रावकात घेऊन गारव्यात ठेवला की पिवळे स्फटिक धरतात. सुक्या सालीत गार्सिनॉल दोन ते तीन टक्के असतं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. वनस्पतींतल्या औषधी संयुगांचा एरवीचा हिशेब शेकडा नव्हे, हजारात किंवा लाखात असतो. त्या मानाने कोकम उदार आहे.

खरी कसोटी इथून पुढे. हातात स्फटिक आला, तो आहे कोण?

पहिला साक्षीदार वस्तुमान वर्णपटमापक. तो रेणूचं वजन सांगतो: ६०२. त्यावरून सूत्र बसतं, कार्बनचे ३८, हायड्रोजनचे ५० आणि ऑक्सिजनचे ६ अणू. पण इथेच नवखा फसतो. आयसोगार्सिनॉलचं वजनही ६०२. गार्सिनियाच्या इतर जातींत मिळणारं झँथोकायमॉल ६०२. आयसोझँथोकायमॉलही ६०२. चौघांचं सूत्र एकच, मांडणी मात्र वेगवेगळी. जुळ्यांना वजनकाट्यावर उभं करून कोण राम आणि कोण श्याम ते ठरवावं, तसला हा प्रकार. म्हणून नुसत्या वजनावरून ‘अमुक झाडात गार्सिनॉल सापडलं’ असं म्हणणारा निबंध जरा जपूनच वाचायचा असतो. चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपट लागतो, त्यात कार्बनचा प्रत्येक अणू कोणाच्या शेजारी बसला आहे ते उकलावं लागतं. शिवाय प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावं लागतं.

रचना उलगडली तेव्हा दिसलं की गार्सिनॉल हे बेंझोफिनोन कुळातलं आहे. नऊ कार्बनांची द्विचक्री चौकट, तिच्यावर आयसोप्रीनच्या लांब शेपट्या (त्यांच्यामुळेच ते तेलात आणि हेक्झेनमध्ये विरघळतं, पाण्यात नाही), आणि एका टोकाला बेंझिनचं वलय, ज्यावर दोन हायड्रॉक्सिल शेजारी शेजारी बसलेले. हे शेजारी सहज हायड्रोजन देऊन टाकतात आणि अस्थिर, हावरट मुक्तमूलकाला गप्प करतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे रसायनाच्या पातळीवर एवढंच: दुसऱ्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊनही स्वतः न उधळणारा रेणू. शिवाय गार्सिनॉलच्या चौकटीत कार्बोनिलची जी जोडी आहे, तशीच हळदीतल्या कर्क्युमिनमध्येही आहे. दोघेही पिवळे, दोघेही तेलाचे सोबती.

गार्सिनॉलला एक खोड आहे. तीव्र आम्लाशी गाठ पडली की त्याची एक शेपटी वळून चौकटीला चिकटते, नवं वलय तयार होतं आणि त्याचं आयसोगार्सिनॉल होतं. पिवळा जाऊन रंगहीन पदार्थ उरतो. म्हणजे निष्कर्षण करणाऱ्याचा आम्लावर हात जड पडला, तर जे झाडात होतं ते नाहीसं होतं आणि जे नव्हतं ते अहवालात येतं. कोकम स्वतःच इतकं आंबट असल्यामुळे ही काळजी इथे अधिकच. वनस्पतिरसायनातला कितीतरी गोंधळ अशा, काढताना तयार झालेल्या पदार्थांनी घातलेला आहे.

एवढं सगळं १९८१ मध्ये झालं तरी रेणूची अवकाशातली नेमकी बाजू, डावा की उजवा, हे पुराव्यानिशी ठरायला २०१५ उजाडावं लागलं. जर्मनीत श्टुटगार्टला बर्न्ड प्लीटकर यांच्या गटाने गार्सिनॉल आणि आयसोगार्सिनॉल साध्या रसायनांपासून पायरीपायरीने बनवून दाखवले आणि त्यांची निरपेक्ष मांडणी निश्चित केली. कोकणात जे झाड उन्हापाण्यावर फुकट बनवतं ते माणसाला काचेच्या भांड्यात बनवायला चौतीस वर्षं लागली.

लाल रंगाची ओळख पटवण्याची रीत निराळी आहे आणि ती समजायला सोपीही. सालीचा पाण्यातला अर्क एका खास रेझिनच्या नळीतून सोडतात. साखर, मीठ, आम्लं पाण्याबरोबर वाहून जातात, रंग नळीत अडकून राहतो. मग किंचित आम्ल घातलेलं अल्कोहोल सोडलं की रंग खाली उतरतो. तो द्रव क्रोमॅटोग्राफीत घातला आणि ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात पाहिला की दोन शिखरं उभी राहतात. वस्तुमान मापकात त्यांची वजनं येतात ४४९ आणि ५८१. दोन्ही फोडले की दोन्हींतून २८७ चाच तुकडा निघतो: सायनिडिन. ४४९ मधून २८७ गेले, उरले १६२, म्हणजे ग्लुकोजचा एक मणी. ५८१ आणि ४४९ यांत फरक १३२ चा, म्हणजे त्यावर झायलोजचा आणखी एक मणी. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही हे जमावं. पहिल्याचं नाव सायनिडिन ग्लुकोसाइड, दुसऱ्याचं सायनिडिन सांबुबायोसाइड.

हा लाल लहरी आहे. भरपूर आम्ल असेल तोवर लालभडक. आम्ल कमी होत गेलं की फिका, मग जांभळट. अल्कलीत निळसर आणि शेवटी मळकट. सोलकढीत नारळाचं दूध पडलं की लालाचा गुलाबी होतो, त्यात दुधाचा पांढरा असतोच, पण आम्ल उतरल्याचाही भाग असतो. उजेड, उष्णता आणि हवा हे याचे तीन वैरी.

आता प्रश्न ताकदीचा. अँटिऑक्सिडंटची ताकद मोजायला सर्वांत लाडकी चाचणी डीपीपीएचची. १९५८ मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी ती मांडली. डीपीपीएच हा एक विरळा, शांतपणे बाटलीत राहणारा मुक्तमूलक आहे. त्याचं द्रावण गडद जांभळं असतं. अँटिऑक्सिडंट घातला की ते पिवळं पडतं, आणि जांभळा किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. स्वस्त, अर्ध्या तासात होणारी, कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमणारी ही चाचणी आहे. म्हणूनच महाराष्ट्रात आणि देशभरात औषधी वनस्पतींवरच्या पदव्युत्तर प्रकल्पांत ती इतकी दिसते.

पण कोकमाच्या बाबतीत इथे एक पाचर आहे. कोकमाचा लाल रंग स्वतःच ५२० च्या आसपास प्रकाश शोषतो. म्हणजे ज्या तरंगलांबीवर जांभळ्याची उतरण मोजायची, तिथेच कोकमाचा रंग येऊन बसलेला. नमुन्याचा स्वतःचा रंग वेगळा मोजून वजा केला नाही तर आकडा चुकतो. ज्यांनी ही वजाबाकी केली ते निबंध विश्वासाचे, ज्यांत तिचा उल्लेखच नाही त्यांच्या आकड्यांवर जाहिरात उभी करू नये.

याच चाचणीचा एक देखणा अवतार पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत दिसतो. अर्काचा ठिपका सिलिकाच्या पट्टीवर ठेवायचा, द्रावक चढू द्यायचा, घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मग पट्टीवर डीपीपीएचचा फवारा मारायचा. जांभळ्या पार्श्वभूमीवर जिथे जिथे पिवळे डाग उमटतील तिथे अँटिऑक्सिडंट बसलेला. तो डाग खरवडून घ्यायचा आणि त्याच्याच मागे लागायचं. अर्काच्या गर्दीतून नेमका माणूस शोधण्याची ही युक्ती दिसायला साधी, पण तिने अनेकांचे महिने वाचवले आहेत.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ए. मिश्रा, एम. एम. बापट, जे. सी. टिळक आणि टी. पी. ए. देवसगायम यांनी २००६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये कोकमावर जो निबंध लिहिला, त्याचं मोल वेगळं आहे. बहुतेक संशोधक मिथेनॉलचा अर्क तपासतात. मिथेनॉल जवळपास सगळंच बाहेर काढतो, आकडेही घसघशीत येतात. पण मिथेनॉल विष आहे, ते कुणी पीत नाही. या गटाने कोकमाचा पाण्यातला अर्क आणि सरबत तपासलं, म्हणजे माणसाच्या तोंडात जातं ते. एकाऐवजी अनेक चाचण्या लावल्या आणि पाण्यातल्या कोकमालाही चांगली अँटिऑक्सिडंट क्षमता असल्याचं दाखवलं. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यात असा सरळ रस्ता क्वचित पडतो. असे निबंध आणखी यायला हवेत.

पिवळ्याच्या बाजूने २००० हे वर्ष मोलाचं. फुमिओ यामागुची आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलवर दोन निबंध लिहिले. एकात मुक्तमूलक टिपण्याची त्याची क्षमता मोजली. दुसऱ्यात उंदरांना इंडोमेथासिन हे वेदनाशामक देऊन, किंवा पाण्यात ठेवून ताण आणून, जठरात व्रण होऊ दिले. आधी गार्सिनॉल दिलेल्या उंदरांत ते कमी झाले. आम्लपित्तावर सोलकढी देणाऱ्या आजीबाईंना हे ऐकून समाधान वाटेल. फक्त उंदरांना शुद्ध गार्सिनॉल दिलं होतं, आणि सोलकढीत मुख्यतः पाण्यात उतरलेले घटक असतात, हेही त्यांना सांगायला हवं. नारळाच्या दुधातली चरबी थोडं गार्सिनॉल ओढून घेत असावी असा तर्क करता येईल. तर्काला मोजमापाची जोड मिळाली की बोलू.

२००४ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटाने गार्सिनॉलची आणखीच वेगळी बाजू दाखवली. पेशीत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा करणाऱ्या विकरांना ते अडवतं. त्यानंतर कर्करोगाच्या पेशींवर गार्सिनॉलचे प्रयोग ठिकठिकाणी सुरू झाले. यात अँटिऑक्सिडंटपणाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र उघडा राहतो, कारण हे काम मुक्तमूलक टिपण्याचं नाही. विकराच्या खोबणीत जाऊन बसण्याचं आहे. म्हणजे ज्या नावाने हा रेणू विकला जातो, ते नाव त्याच्या सर्वांत कुतूहलाच्या गुणाला लागूच पडत नाही.

आता त्या आम्लाची गोष्ट. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत दिसून आलं की हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल शरीरात चरबी तयार होण्याच्या वाटेवरचं एक विकर रोखतं. मग काय, वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा पूर आला. ‘गार्सिनिया’ हा शब्द डब्यांवर झळकला, आणि शेजारी ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ हेही, जणू दोन्ही एकच. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एका चाचणीचा निकाल आला. १३५ जाड व्यक्ती, बारा आठवडे, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. वजन उतरण्यात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे या पूरक आहाराशी जोडलेल्या यकृताच्या विकारांच्या नोंदी जमत गेल्या, इतक्या की अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या यकृतविषयक संग्रहात गार्सिनिया कॅम्बोजियाला स्वतंत्र नोंद मिळाली. आमसुलाची आमटी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आमटीतलं आमसूल आणि आम्ल एकवटून भरलेली कॅप्सूल यांत मात्रेचा फरक आहे, आणि औषधशास्त्रात मात्रा हेच सर्वस्व.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबद्दल सावध व्हायला आणखी जुनं कारण आहे. १९९४ मध्ये फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल लागला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. परीक्षानळीतली ताकद जशीच्या तशी शरीरात उतरत नाही, हे यातून पुरेसं कळलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला प्रसिद्ध तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढूनच टाकला. त्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होतो, आणि आरोग्याशी त्यांचा थेट संबंध दाखवता येत नाही, असं त्याचं कारण. आपल्याकडच्या बाटल्यांना ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

या सगळ्यात झाड कुठे राहिलं? कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीपासून रुजवलेलं झाड नर की मादी हे फूल आल्याशिवाय कळत नाही, आणि त्यात सात-आठ वर्षं जातात. इतकी वर्षं पाणी घालून शेवटी नर निघाला तर शेतकऱ्याने काय करावं? म्हणून मृदुकाष्ठ कलमांना महत्त्व आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, नंतर ‘कोकण हातीस’ही. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आजही कोकणातलं बरंचसं कोकम बांधावरच्या, आपोआप रुजलेल्या झाडांवरचं आहे. प्रत्येक झाड आपल्या आईबापांचं वेगळं मिश्रण. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ. एकाचा रस गडद, दुसऱ्याचा फिका. त्यातच मे महिन्यात वळिवाने गाठलं की पिकलेली फळं झाडाखालीच कुजतात, हाती आलेल्या सालींना बुरशी धरते.

म्हणूनच प्रयोगशाळेतल्या निबंधात ‘बाजारातून आणलेली साल’ एवढंच लिहिलेलं आढळलं की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. कोणत्या गावची, कोणत्या महिन्यातली, उन्हात वाळवलेली की सावलीत, मिठाची पुटं दिलेली की नाही, किती जुनी, हे कळल्याशिवाय दोन टक्के गार्सिनॉल हा आकडा पुढच्या माणसाच्या कामाचा नाही. चांगल्या प्रयोगशाळा फांदीचा वाळवलेला नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर संग्रहालयासारख्या ठिकाणी ओळख पटवून ठेवतात आणि त्याचा क्रमांक निबंधात देतात. या कामाला ना प्रसिद्धी ना पैसा, पण त्याशिवाय पुढचं सगळं यंत्रसामर्थ्य वाया.

कोकणातल्या विज्ञान महाविद्यालयांना इथे मोठी संधी आहे. महागडा वस्तुमान मापक त्यांच्याकडे नसेल, पण झाडं त्यांच्या दाराशी आहेत. एका तालुक्यातल्या पन्नास झाडांची लिंगासकट, फळांच्या वजनासकट, सालीतल्या आम्लासकट आणि रंगासकट नोंद तीन-चार हंगाम सलग ठेवली, तर ती मुंबई-पुण्याच्या कुठल्याही संस्थेला बसल्या जागी मिळणार नाही. साध्या टायट्रेशनने आम्ल मोजता येतं आणि साध्या वर्णमापकाने रंग. गार्सिनॉलचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेला पाठवता येतात. चांगलं निघालेलं झाड मग कलमासाठी निवडता येतं, आणि आमसुलं करणाऱ्या बचतगटांना आपल्या मालाबद्दल बाटलीवर छापता येईल असा खरा आकडा मिळतो.

तोवर घेणाऱ्याने एवढं पाहावं. सरबताच्या बाटलीवर कोकमाचं प्रमाण छापलं आहे का, रंग बाहेरून घातला आहे का, बाटली उन्हात ठेवली होती का. घरी आणल्यावर ती अंधारात, गारव्यात ठेवावी. आणि गार्सिनॉलची किंवा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची गोळी कुणी सुचवली, तर आधी डॉक्टरांना दाखवावी. यकृताचा त्रास असलेल्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये. गार्सिनॉलवरचं आजवरचं बहुतेक काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे.